न नेसलेली साडी

"चोर आहे चोर! साडी कुणाच्या तरी लग्नात मिरवली, हळद सांडली, आणि आता म्हणे नको. पैसे परत द्या!"

रेबेका फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलत होती की आतल्या खोलीत तिच्या पप्पांच्या दंडाला रबरी पट्टा बांधणारा लॅबवाला क्षणभर थांबला. पप्पांची साखर तपासायची होती. जामखेडमध्ये घरी येऊन रक्त नेणारी एकच लॅब होती, आणि तिथून आज हा नवा माणूस आला होता. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"नाव काय म्हणालीस त्याचं?" फोनवरून जेनिफरनं विचारलं. जेनिफर तिची नगरची मैत्रीण. चांगल्या घरातल्या, एकदोनदाच नेसलेल्या साड्या ती गोळा करून पाठवायची आणि रेबेका त्या मोबाईलवरच्या आपल्या पेजवरून विकायची. पेजचं नाव होतं 'पुन्हा नवी'.

"कल्याण भालेराव. खर्ड्याचा. नाव कल्याण आणि करणी बघ!"

आत लॅबवाल्यानं सुई टोचली. पप्पांना कळलंसुद्धा नाही. रक्त नळीत भरलं, कापसाचा बोळा दाबला, नळीवर नाव लिहिलं... सगळं अगदी सावकाश. मग बाहेरच्या खोलीत येऊन तो उभा राहिला. भिंतीला लावलेल्या हिरव्या पडद्याकडे त्यानं पाहिलं. याच पडद्यापुढे रेबेका साड्यांचे व्हिडिओ काढायची. मग टेबलावरच्या उघड्या खोक्याकडे, खोक्यातल्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं.

"नाश्त्यानंतर दोन तासांनी परत येतो. दुसरं सँपल घ्यायचंय," तो म्हणाला. दारापर्यंत गेला आणि वळला. "आणि... कल्याण भालेराव मीच."

रेबेकाच्या हातातला फोन खाली आला. जेनिफर पलीकडून हॅलो, हॅलो करत राहिली.

"साडी कुणी नेसलेली नाही," तो म्हणाला.

"मग हळद?"

त्यानं दुमडलेली बाही उगाच सारखी केली.

"हळद आकाशातून पडली?"

"ते सांगता येणार नाही मला."

"मग मलाही पैसे देता येणार नाहीत."

"नका देऊ," तो म्हणाला. रागानं नव्हे, अगदी साधेपणानं. बूट घातले, पेटी उचलली आणि गेला.

रेबेका बघतच राहिली. पैशांसाठी भांडणारी माणसं तिनं ढीगभर पाहिली होती. नका देऊ म्हणणारा पहिलाच. म्हणजे याच्यामागे नक्कीच काहीतरी मोठं आहे, असं तिला वाटलं.

तिचाही इलाज नव्हता. या धंद्यानं तिला संशय घ्यायला शिकवलं होतं. एका बाईनं रेशमी साडी मागवून तिच्या जागी आपली फाटकी साडी घडी करून परत पाठवली होती. एकीनं घागरा लग्नात घालून, अत्तराच्या वासासकट, 'माप बसलं नाही' म्हणून परत केला होता. लग्नातला तिचा फोटो तोवर सगळ्यांनी पाहिला होता. एक जण तर पैसे परत मिळेनात म्हणून दारात येऊन बसला होता. तेव्हापासून पप्पांनी घरचा पत्ता कुणाला द्यायचा नाही असं बजावलं होतं. परतीची पार्सलं कुरिअरच्या ऑफिसातून आणायची आणि घरी आणली की आधी हुंगायची.

तिनं साडी हुंगली. घामाचा वास नाही, अत्तराचा नाही, जेवणाचा नाही. खिडकीपाशी नेऊन पाहिली. खांद्यापाशी पिनेची भोकं नाहीत. खालचा फॉल स्वच्छ. जमिनीला घासलेली साडी अशी राहत नाही. फक्त पदराजवळ हळदीचे डाग होते. सांडलेली हळद नव्हती ती. बोटं होती... चार बोटं आणि एक अंगठा. कुणीतरी पदर हातात धरला होता.

तिनं मोबाईल घेतला, खर्ड्याच्या लोकांची पानं चाळली आणि सापडली एक लग्नपत्रिका. 'शुभांगी भालेराव'. खाली निमंत्रक म्हणून कल्याणचं नाव. तारीख मागच्या आठवड्यातली.

"सापडला!" ती पप्पांना म्हणाली.

पप्पा पोहे खात होते. दानीएल ओहोळ, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. "बाई गं, बिनतिकिटाचा माणूस मला चेहऱ्यावरून कळायचा," ते म्हणाले. "हा तसा न्हाई वाटत."

"तुम्हाला सुई दुखली नाही म्हणून तो चांगला?"

दोन तासांनी तो आला तेव्हा ती दारातच उभी होती. मोबाईल पुढे धरून. "ही तुमची बहीण ना? लग्न झालं ना? बौद्धांच्यात नवरी पांढरी साडी नेसते, आमच्यातही नेसते, मला कळतं. नेसली म्हणा की सरळ!"

त्यानं पत्रिकेकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटलं.

"पत्रिका छापली होती," तो म्हणाला. "लग्न झालं नाही."

रेबेकानं पुढे धरलेला मोबाईल खाली घेतला. तो आत गेला, पप्पांचं रक्त घेतलं, त्यांना "कापूस दाबून धरा काका" म्हणाला आणि तिच्या शेजारून, तिच्याकडे न बघता, निघून गेला.

त्या संध्याकाळी तिनं त्याचे पैसे परत पाठवले. पाच मिनिटांत ते उलटे आले. सोबत एक ओळ: 'साडीला डाग आहे. तुमचा नियम तसा आहे.'

तिनं पुन्हा पाठवले. 'नेसलेली नाही. हाही नियमच आहे.'

पुन्हा उलटे.

"हा माणूस करतोय काय?" ती पुटपुटली. खात्याची माहिती काढण्याची एखादी नवी युक्ती तर नसेल? तिनं आधी आपला पिन बदलला. मग तिसऱ्यांदा पैसे पाठवले आणि लिहिलं, 'आता परत पाठवलेत तर मी लॅबमध्ये येऊन सगळ्यांसमोर तुमच्या हातात देईन.'

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं: 'लॅब दहाला उघडते.'

रेबेकाला हसू आलं. आणि हसू आलं याचा रागही.

दुसऱ्या दिवशी तो पप्पांचा रिपोर्ट घेऊन दारात हजर.

"रिपोर्ट मोबाईलवर आलाय की," ती म्हणाली.

"कागदावर वाचायला बरा असतो."

"पप्पांनी मागितला होता कागद?"

"नाही."

"मग?"

त्यानं कागदाची घडी उगाच नीट केली. "मग... पैसे घेतले मी. ते सांगायला आलो."

"तेही मोबाईलवर कळतं."

"कळतं," तो म्हणाला. आणि हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक बारीक रेघ उमटायची. रेबेकानं ती पाहिली आणि पटकन नजर पडद्याकडे वळवली.

आतून पप्पा ओरडले, "अगं, चहा टाक त्याला! आणि मलाबी, बिनसाखरेचा!"

तो येत राहिला. कधी पप्पांच्या गोळ्या आणून द्यायला, कधी 'इकडून चाललोच होतो' म्हणून. जेनिफरकडून आलेले गठ्ठे सोडवताना तो दोरीच्या गाठी काढून द्यायचा; कापू द्यायचा नाही, दोरी पुन्हा कामाला येते म्हणायचा. रेबेका साड्या उलगडायची आणि प्रश्न विचारायची. कुठं शिकलात? घरी कोण? पेज कधीपासून बघता?

"उन्हाळ्यापासून. शुभीसाठी साडी बघत होतो. मग साडी घेतली, तरी बघत राहिलो."

"साडी घेतल्यावर काय बघायचं?"

"आवाज," तो म्हणाला. मग गडबडून, "म्हणजे... तुम्ही सांगता छान. कुठं विरलीय, कुठं रफू आहे, सगळं आधीच सांगता. दुकानदार लपवतात."

"आणि तुम्ही?" ती त्याच्याकडे रोखून पाहायची. "तुम्ही काय लपवता? हळद कशी लागली?"

तिथं आलं की तो गाठ सोडवण्यात गुंतायचा. लग्न का मोडलं? "जमलं नाही." कुणी मोडलं? "...झालं ते झालं."

तो गेल्यावर रेबेका बराच वेळ तशीच बसायची. एवढं सगळं सांगतो आणि तेवढंच का नाही? जो एक गोष्ट लपवतो तो दहा लपवत असेल. यानंच तर काही केलं नसेल? बहिणीचं लग्न यानंच मोडलं नसेल? आणि मग स्वतःचाच राग यायचा. कारण सकाळी दाराची कडी वाजली की तिचा हात आधी केसांकडे जायचा.

साडी तिनं धुऊन काढली होती. साबण लागला तसे हळदीचे डाग लालभडक झाले, ती घाबरली. मग ओली साडी उन्हात टाकली. दोन उन्हं खाल्ल्यावर पदर पुन्हा पांढरा झाला. पण पेजवर टाकायला तिचा हात होईना.

दसरा आठ-दहा दिवसांवर आला असताना पेजवर एक निरोप आला. 'ती पांढरी साडी अजून आहे का? मला पाहिजे. पैसे आधी पाठवते. मी शुभांगी, खर्डा.'

रेबेकानं तो निरोप तीनदा वाचला. भावानं परत केलेली साडी बहीण विकत मागते? आणि भावाला माहीत नाही? की दोघं मिळून...? तिनं उत्तर लिहिलं, 'पार्सल करणार नाही. मी स्वतः घेऊन येते.'

काय ते एकदाचं डोळ्यांनी बघायचं होतं तिला.

खर्ड्यात किल्ल्याच्या मागच्या अंगाला भालेरावांचं घर. दोन खोल्या, पुढे पत्र्याची ओसरी. शुभांगी दारातच होती. बारीक चणीची, कल्याणसारखेच डोळे. तिनं रेबेकाचा हात धरून आत घेतलं. पण ओसरीत शेंगा फोडत बसलेल्या तिच्या आईनं, बनाबाईंनी, पिशवीतून डोकावणारा पांढरा पदर पाहिला मात्र, आणि त्यांचे हात थांबले.

"हीच का गं ती साडीवाली?"

"आई, पाहुण्या हायेत त्या."

"पाहुनी?" बनाबाई उठल्या. "हिच्या साडीपायी माझ्या लेकीचं लगीन मोडलं आन ही पाहुनी? हळदीच्या दिवशी नवरदेवाची मावशी आली, खोकं उघडलं, चिठ्ठी वाचली. दुसऱ्या बाईची उतरलेली साडी! असं म्हनून सगळ्या मांडवात नाचली ती. घरात हाय ती साडी म्हनून घास गिळत नव्हता मला, तवा कल्यानानं परत धाडली. आन तू पुन्हा घिऊन आलीस व्हय?"

साडी आधी कुणाची होती, किती वेळा नेसली, हे सांगणारी ती चिठ्ठी प्रत्येक खोक्यात रेबेकाच्याच हातची असायची, मोठ्या हौसेनं लिहिलेली.

"आई, साडीपायी नाही मोडलं," शुभांगी शांतपणे म्हणाली. "मी मोडलं." मग रेबेकाकडे वळून, "नवरदेवाचा फोन आला होता ताई. म्हणाला, एकवेळ चालवून घेऊ, पण तुमची लायकी कळली. दुसऱ्याच्या उतरलेल्यावर जगणारं घर. मी म्हटलं, मग नको चालवून घेऊस. साडी मीच निवडली होती, मला आवडली म्हणून. हात हळदीचे होते, तसाच पदर हातात घेतला, जरा वेळ बसले, आणि खोक्यात ठेवून दिली." तिनं पिशवीतल्या पदराकडे पाहिलं. "आता दसऱ्याला विहारात धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम आहे. तिथं नेसायचीय मला. लग्न गेलं म्हणून साडी का जावी?"

रेबेकानं साडी तिच्या हातात दिली. पैसे नको म्हणाली. काहीतरी अजून बोलायला हवं होतं, पण बनाबाईंच्या डोळ्यांकडे बघवेना. "येते मी," एवढंच कसंबसं म्हणून ती बाहेर पडली.

आभाळ भरून आलं होतं. परतीचा पाऊस, येतो म्हणता म्हणता येतोच. किल्ल्याच्या दरवाजापाशी पोचेपर्यंत टपोरे थेंब सुरू झाले आणि ती कमानीखाली पळाली. कुर्ता भिजून अंगाला चिकटला होता, केसांतून पाणी निथळत होतं, आणि डोळ्यांतून काय येतंय ते तिचं तिला कळत नव्हतं.

मोटारसायकलचा आवाज आला. कल्याण कमानीखाली शिरला. तिच्याहून जास्त भिजलेला.

"शुभीनं फोन केला. इथंच खर्ड्यात सँपल घ्यायला आलो होतो," तो गाडी बंद करत म्हणाला. "तुम्ही रडताय?"

"पाऊस आहे तो."

"बरं."

"बरं काय बरं? का नाही सांगितलंत? रोज विचारत होते मी!"

"काय सांगायचं? तुमच्या साडीवरून लग्न मोडलं म्हणून?" त्यानं कपाळावरचं पाणी पुसलं. "तुम्ही एकेक साडी लेकीसारखी दाखवता. हे ऐकल्यावर पुन्हा एक तरी दाखवली असती का तुम्ही? ...मग मला चोर म्हणाल तर म्हणा, असं ठरवलं."

पावसाचा आवाज वाढला. कमानीच्या कडेवरून पाण्याची धार लागली होती. रेबेका त्या धारेकडे बघत राहिली. इतके दिवस ती ज्याला कपट समजत होती, ते हे होतं!

"मला खोटं चालत नाही," ती हळूच म्हणाली.

"खोटं नाही बोललो. सांगितलं नाही फक्त."

"तेही नाही चालत."

"मग..." तो जरा जवळ सरकला. "आणखी एक सांगायचं राहिलंय. सांगू?"

तिनं संशयानं पाहिलं. "काय?"

"काकांच्या गोळ्या तुमच्या घरासमोरच्या दुकानात मिळतात. मला माहीत होतं."

"ते मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "पुढे?"

"इकडून चाललोच होतो म्हणायचो ना... तुमच्या घरापुढे रस्ताच संपतो."

"तेही माहीत होतं. पुढे?"

"पुढे..." त्याच्या गालावरची ती रेघ उमटली आणि लगेच मावळली. आवाज एकदम खाली आला. "पुढे हे, की मला तुम्ही आवडता. पहिल्यांदा आवाज आवडला होता. मग तुम्ही मला दारात उभं करून भांडलात, तेव्हा बाकीचं सगळं आवडलं. चर्च, विहार, आई, काका... सगळं अवघड आहे, ठाऊक आहे मला. तरी सांगतोय. आता काही राहिलं नाही सांगायचं."

रेबेकानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. साडी उजेडात धरून पाहायची तसं, सावकाश. काही सापडलं नाही. सापडू नये असंच तिला वाटत होतं, हे मात्र तिला त्याच क्षणी कळलं.

रस्त्यावर जामखेडची बस येऊन थांबली. कंडक्टरनं घंटी वाजवली.

"बस..." कल्याण म्हणाला.

"जाऊ दे."

"मग कुठं जायचं?"

"तुझ्या घरी," ती म्हणाली. 'तुझ्या' हा शब्द तिच्या तोंडून असा निसटला की दोघांनीही एकदम एकमेकांकडे पाहिलं. "आईंशी बोलायचंय मला. तशीच पळून आले मी. पळून आलेलं मला आवडत नाही."

"ती ओरडेल."

"ओरडू दे. मलाही येतं ओरडता."

"ते मी ऐकलंय," तो म्हणाला, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला. पावसानं गार पडलेला हात. पण धरल्यावर हळूहळू ऊब लागत गेली.

ओसरीत बनाबाई तशाच बसल्या होत्या. शेंगा तशाच पडलेल्या. दारात दोघं आली, चिंब, आणि बनाबाईंनी आधी लेकाकडे पाहिलं, मग रेबेकाकडे, मग दोघांच्या हातांकडे. कल्याणनं हात सोडला नाही.

"काकू," रेबेका म्हणाली, "ती चिठ्ठी मी लिहिली होती. तुमच्या घरात त्यावरून असं होईल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. राग माझ्यावर काढा. पण शुभांगीला ती साडी नेसू द्या. फार शोभेल तिला."

आतल्या खोलीच्या दारात शुभांगी उभी होती. तिनं पांढरा पदर खांद्यावर नुसता टाकून पाहिला होता. बनाबाईंची नजर तिच्यावर गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"कुडकुडतीया," शेवटी त्या म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात एक मऊ, धुऊन धुऊन विटलेली निळी साडी होती.

"माझं उतरलेलं हाय," त्या रेबेकाकडे न बघता म्हणाल्या. "चालंल का तुला?"

रेबेकानं दोन्ही हातांनी साडी घेतली. "चालेल काकू."

ती नेसून बाहेर आली तेव्हा कल्याण चहाची कपबशी हातात धरून उभा होता. तो बघतच राहिला. कप तिरपा झाला, चहा बशीत सांडला. शुभांगी तोंडावर हात ठेवून हसली. बनाबाईंनी निऱ्या जरा ओढून सारख्या केल्या आणि बारीक डोळ्यांनी रेबेकाला वरून खालपर्यंत पाहिलं.

"धुऊन, इस्त्री करून, पार्सलनं पाठवते मी," रेबेका म्हणाली.

"पार्सल नगं," बनाबाई म्हणाल्या. "सोता घिऊन ये. रविवारी."

"रविवारी चर्च असतं..."

बनाबाईंनी शेंगांची परात पुढ्यात ओढली आणि एक शेंग फोडली.

"मंग चर्च झाल्याव ये."